एक पाय आत

फ्रीमाँट,
१७ सप्टेंबर १९८४

ती. सुलभामावशीस,
सप्रेम जयभीम.

एका कामासाठी लिहिते आहे. मला अमेरिकन फुटबॉल समजून घ्यायचा आहे. राजीव शाळेच्या टीममध्ये आहे आणि तू दर शुक्रवारी त्याचा सामना बघायला जातेस, असं आईच्या पत्रातून कळलं. म्हणून तुला विचारते. फोन केला असता, पण तू रात्रपाळीला असतेस. शिवाय मला हे लिहिलेलं हवं आहे, म्हणजे पुन्हा पाहता येईल.

कारण साधं आहे. क्युपर्टिनोला मी डिस्क ड्राइव्हच्या टेस्टिंगचं काम करते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिथे सगळे एवढंच बोलतात. आपल्याला काही कळत नाही अशा टेबलाशी बसून राहणं मला जमत नाही.

काल दुपारभर टीव्हीवर सामना पाहिला. खेळ चार-पाच सेकंद चालतो, मग शिट्टी होते आणि सगळे एकमेकांच्या अंगावरून उठतात. मग बराच वेळ ते गोल करून कुजबुजतात. पुन्हा चार-पाच सेकंद. चेंडूला पाय क्वचितच लागतो, तरी नाव फुटबॉल. मध्येच दोन माणसं एक साखळी घेऊन मैदानात येतात, जमीन मोजतात आणि जातात. सगळं मैदान त्या साखळीकडे श्वास रोखून पाहतं. का, ते कळलं नाही.

आमच्याकडे दर रविवारी प्रतापच्या ऑफिसातली दोघं येतात. गिरीशला तू आमच्या गृहप्रवेशाला पाहिलं आहेस. दुसरी नंदा. ती इथलीच, डेट्रॉइटला जन्मलेली. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. आमचा सोफा तिघांचा आहे. मी मागे जेवणाच्या टेबलाशी बसते, तिथे मला माझं कामही करता येतं. नंदा आणि प्रताप समोरच्या बुटक्या टेबलावर शेंगदाणे मांडतात, ते इकडून तिकडे सरकवतात आणि बोलतात. मला त्यांच्या पाठी दिसतात. बोलणं टीव्हीच्या आवाजात ऐकू येत नाही, हसणं येतं. ती इथे वाढली, म्हणजे हा खेळ तिला आपल्या कबड्डीसारखा येत असणार. प्रतापला शिकवते आहे.

सवडीनं लिही. काकांना नमस्कार.

तुझी,
उत्तरा


अल्फारेटा,
२७ सप्टेंबर १९८४

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

अगं, तू मला काहीतरी विचारलंस! लहानपणी बुटाची लेस बांधायलासुद्धा कोणाला विचारलं नव्हतंस. दारामागे बसून आपली आपण शिकून बाहेर आलीस. तुझं पत्र काकांना दोनदा वाचून दाखवलं.

तर ऐक. कबड्डी म्हणालीस ते बरोबरच आहे, हा जमिनीचाच खेळ आहे. मैदान शंभर यार्डाचं. अकरा माणसं इकडे, अकरा तिकडे. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी तो पुढे नेत नेत समोरच्यांच्या टोकाच्या पट्टीत पोचवायचा. पोचला की टचडाऊन, सहा गुण. मग वर एक किक मारायला मिळते, ती दोन खांबांच्या मधून गेली की आणखी एक.

आता तुझी साखळी. चेंडू पुढे न्यायला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये मिळून दहा यार्ड पुढे गेलात की पुन्हा नव्या चार संधी. नाही गेलात की चेंडू समोरच्यांना, जिथे असेल तिथेच. ती साखळी दहा यार्डाची असते. चेंडू पोचला की बोटभर मागे राहिला, ते मोजायला आणतात. आमच्या गावात चर्च, घोडे आणि शाळेचं मैदान एवढंच आहे, पण त्या साखळीला लोक चर्चपेक्षा जास्त घाबरतात बघ.

तीन डाऊनमध्ये नाही जमलं तर चौथ्याला बहुतेक जण धोका घेत नाहीत. चेंडू लाथेनं जितका लांब धाडता येईल तितका धाडतात. म्हणजे समोरच्यांना मिळेल, पण लांबून सुरुवात करावी लागेल. याला पंट म्हणतात. खांब जवळ असतील तर खांबांतूनच मारायचा, त्याचे तीन गुण.

हे सगळं मला राजीवनं शिकवलं. पहिल्या सामन्यात त्याच्यावर तिघं पडलेले पाहून मी नर्सची पेटी घेऊन मैदानात धावले होते. "मॉम! इट्स नॉट अ फाइट, इट्स अ प्ले!" म्हणून असा ओरडला, की सगळ्या आया हसल्या.

पण एक सांग, प्रताप ओहायोला शिकायला होता न? तिकडची पोरं तर म्हणे या खेळावर जेवतात. घरच्या माणसाला सोडून जॉर्जियाला पत्र काहून धाडलंस?

तुझी,
सुलभामावशी


फ्रीमाँट,
१५ ऑक्टोबर १९८४

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र फार उपयोगी पडलं. त्यावरून मी एक आकृती काढली. पहिला डाऊन, दहा यार्ड बाकी, इथून सुरुवात. प्रत्येक खेळीनंतर दोनच आकडे बदलतात, डाऊन कितवा आणि यार्ड किती उरले. पडद्याच्या कोपऱ्यात तेच दाखवतात. आता मला आकडे वाचता येतात. हा खेळ बाहेरून दंगलीसारखा दिसतो, आतून अगदी शिस्तीचा आहे. हे मला आवडलं.

काल आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमनं या मोसमातला पहिला सामना गमावला. गिरीश चिडून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. नंदा प्रतापला म्हणाली, "आय कान्ट बिलीव्ह धिस," आणि डोकं सोफ्याच्या पाठीवर टाकलं. तिथे प्रतापचा हात होता. त्यानं तो काढला, पण लगेच नाही.

बुधवारी तिचा घरी फोन आला होता. प्रताप अजून आला नव्हता. म्हणाली, "टेल हिम आय फायनली गॉट द पंट थिंग!" मी म्हटलं, सांगते. सांगितलं. तो एकटाच हसला. ऑफिसात आठ तास शेजारी बसून पंटचा विषय बुधवारी संध्याकाळपर्यंत उरतो, याचं मला आश्चर्य वाटलं.

तुझ्या प्रश्नाबद्दल. प्रतापला विचारलं तर तो सगळं पहिल्यापासून सांगू लागेल, वेळ जाईल. पुढचे प्रश्न असे आहेत. चेंडू हातानं पुढे फेकतात तेव्हा तो कोणी झेलायचा? झेलला नाही तर काय? आणि मधली धिप्पाड माणसं चेंडूला हातसुद्धा लावत नाहीत, ती काय करतात?

तुझी,
उत्तरा

ता. क. नंदा नेहमी मधल्या जागी बसते.


अल्फारेटा,
२४ ऑक्टोबर १९८४

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

आधी धिप्पाड माणसं. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मला भरून येतं, कारण आमचा राजीव तोच आहे. अंगानं काकांवर गेला. त्याला लाइनमन म्हणतात. मागे उभा असतो तो क्वार्टरबॅक, चेंडू त्याच्या हातात. एकतर तो पळणाऱ्याच्या पोटात कोंबतो नाहीतर लांब फेकतो. त्याला विचार करायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ समोरच्या दांडग्यांना छातीनं अडवून धरायचं, हे लाइनमनचं काम. धरायचं नाही हं, नुसतं अडवायचं. कपडे धरले की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि दहा यार्ड मागे जावं लागतं.

पोरगा सामनाभर मार खातो. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव क्वार्टरबॅकचं. त्याची आई टोपीत पीस खोवून पहिल्या रांगेत बसते, सगळं गाव तिला "हनी, युवर बॉय!" म्हणतं. मागच्या शुक्रवारी तिनं मला विचारलं, "अँड विच वन इज युवर्स?" दुसरं वर्ष चालू आहे, बाई! मी म्हटलं, "द वन युवर्स इज हायडिंग बिहाइंड." जिभेवर आलं ते बोलून गेले. काका म्हणाले, सुलभा, तू जळतेस. म्हटलं, हो जळते. लपवायचं काय त्यात?

आता फेकणं. पुढे फेकायचा तो खेळी जिथून सुरू झाली त्या रेषेच्या मागूनच आणि एका खेळीत एकदाच. धावणारी चपळ पोरं असतात ती झेलतात. खाली पडला तर काही मिळालं नाही, डाऊन मात्र गेला, चेंडू परत जुन्या जागी. समोरच्यांनीच झेलला तर चेंडू त्यांचा, आणि आपल्याकडच्या आया डोळे झाकतात. बाजूच्या पांढऱ्या रेषेजवळ झेलला तर एक पाय आत टेकलेला हवा, मग पुढे बाहेर गेला तरी चालतं. राजीव म्हणतो, वन फूट इन, मॉम, दॅट्स ऑल.

झाला तुझा खेळ. आता माझा प्रश्न. तुझ्या दोन्ही पत्रांत सोफ्यावर कोण कुठे बसलं ते आहे. स्कोअर एकाही पत्रात नाही. ही नंदा कोण ग?

तुझी,
सुलभामावशी


फ्रीमाँट,
२ नोव्हेंबर १९८४

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम.

मला मत्सर वाटतो. हे वाक्य लिहून दोन दिवस ठेवलं, पुन्हा वाचलं, चूक सापडली नाही. म्हणून पाठवते.

नंदा वाईट नाही. येताना काहीतरी घेऊन येते, जाताना बशा धुते. मला "उत्तरा, कम सिट विथ अस" म्हणते. माझ्याच घरात मला बसायला बोलावते, हे तिच्या लक्षात येत नाही. प्रताप तिच्याशी बोलतो तेव्हा त्याचे हात हलतात. माझ्याशी बोलताना हलत नाहीत. नागपूरला कॉलेजात हलायचे. त्याच्या नोट्स मी तपासून द्यायचे, तेव्हा तो वाद घालायचा, हातवारे करायचा. आता आम्ही गाडीत गॅस भरायचा कोणी आणि भाजी आणायची कोणी एवढंच बोलतो. भांडण नाही. कधीच नसतं.

लग्न करून आले त्या पहिल्या वर्षी तो म्हणायचा, ये न बघायला, मी सांगतो. मला तेव्हा सॅन होजेच्या कॉलेजची परीक्षा होती. मग नोकरी. मग त्यानं म्हणणं सोडलं आणि मला ते सोयीचं वाटलं. ते आठवतं तेव्हा राग मला माझा यायला हवा, येतो मात्र नंदाचा. हे तर्काला धरून नाही, मला माहीत आहे.

माझं ठरलं आहे. तिला जे येतं ते सगळं मला येईल, तिच्याहून नेमकं येईल. मग त्या टेबलावर शेंगदाणे मांडायला तिची गरज उरणार नाही. लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं आहे, ऑफिसात जेवताना वाचते. घरी आणत नाही.

त्यावरून तुझ्या पत्रात एक दुरुस्ती आहे. एक पाय आत, हे शाळेत आणि कॉलेजात. टीव्हीवर रविवारी खेळतात त्या व्यावसायिक टीम. तिथे दोन्ही पाय आत लागतात.

तुझी,
उत्तरा


अल्फारेटा,
२४ नोव्हेंबर १९८४

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर द्यायला हवं होतं, पण राजीवचा गुडघा सुजला, त्यात आठवडे गेले. आता चालतो. त्यांचा मोसम संपला. घरात आडवा पडून मला हुकूम सोडतो.

तुझं पत्र पर्समध्ये ठेवलं आहे. एवढंच सांगते, त्या खोलीत पंच होऊन जाऊ नकोस. पंच बरोबर असतो, पण त्याच्याशेजारी कोणी बसत नाही.

तू लिहिलं का नाहीस? काही झालं का?

तुझी,
सुलभामावशी


फ्रीमाँट,
३ डिसेंबर १९८४

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र उशिरा पोचलं. जे व्हायचं ते अकरा नोव्हेंबरलाच झालं होतं.

त्या रविवारी सामना रंगला होता. आमच्या एका खेळाडूनं अगदी रेषेवर उडी मारून चेंडू झेलला. पंचांनी हात आडवे हलवले, म्हणजे झेल बाद. नंदा उठून उभी राहिली. "नो वे! वन फूट वॉज इन! ही वॉज इन!" गिरीशही "यार, हे चीटिंग आहे" म्हणून ओरडला. मी खुर्चीतूनच म्हटलं, "पंच बरोबर आहेत. एक पाय कॉलेजात चालतो. इथे दोन लागतात."

मी हे अगदी शांतपणे म्हटलं. पण त्यासाठी मी दोन महिने वाट पाहिली होती, आणि ते आवाजात आलं असावं.

नंदा माझ्याकडे वळली, मग प्रतापकडे. "बट यू टोल्ड मी वन फूट," ती म्हणाली.

मावशी, मी सगळं उलटं पाहत होते. ती त्याला शिकवत नव्हती. तो तिला शिकवत होता. तिचे वडील डेट्रॉइटला डॉक्टर, रविवारी घरात टीव्ही लावू द्यायचे नाहीत. तिला या खेळातलं ओ की ठो येत नव्हतं. पहिल्या दिवसापासून शेंगदाणे प्रताप मांडत होता. इथे जन्मली म्हणजे येत असणार, हे मी गृहीत धरलं आणि एकदाही तपासलं नाही. दिवसभर माझं काम तपासण्याचंच असतं.

प्रताप म्हणाला, "असेल. माझंच चुकलं असेल." मग मला म्हणाला, "तुला कधीपासून कळायला लागलं?" मी म्हटलं, "वाचलं." तो म्हणाला, "अर्थातच." आणि टेबलावरचे शेंगदाणे गोळा करून बशीत ठेवले. गिरीशनं काहीतरी विनोद केला. सामना संपायच्या आधी दोघं गेले.

त्यानंतर आमच्याकडे टीव्ही लागला नाही. गिरीश आणि नंदा आता गिरीशच्या घरी बघतात. प्रतापला बोलावलं होतं, तो गेला नाही. एका रविवारी त्यानं गाडीचं ऑइल बदललं. पुढच्या रविवारी गॅरेज आवरलं. काल आवरलेलं गॅरेज पुन्हा आवरलं. माझ्याशी नीट बोलतो. चहा विचारतो.

मला वाटलं होतं, ती उठली की जागा मला मिळेल. सोफा रिकामा आहे. मी बसून पाहिलं. मत्सर अजून आहे, आणि आता समोर कोणी नाही. जे प्रश्न तिनं त्याला विचारले त्यांचा मला मत्सर वाटतो.

तुझी,
उत्तरा


अल्फारेटा,
१४ डिसेंबर १९८४

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

रागावणार होते, पण तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि राग गेला.

तुला एक गोष्ट सांगते. राजीव बारा वर्षांचा झाल्यापासून माझ्याशी एका शब्दाच्या वर बोलत नाही. "फाइन." "ओके." "मॉम, प्लीज." मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत दार लावतो. त्या दिवशी मैदानात धावून त्याची लाज काढली, तर घरी येऊन मी म्हटलं, बाबा रे, मला काही कळत नाही, तू समजव. पोरगा माझ्यासमोर जमिनीवर बसला. मिठाची बाटली क्वार्टरबॅक, लसणाच्या पाकळ्या लाइनमन. अर्धा तास बोलला, आणि बोलता बोलता मराठीत आला! "आई, हा इकडून आला न, मग मी त्याला असा अडवतो." आई म्हणाला. मला चार डाऊन त्या दिवशी कळले नाहीत. लक्ष कुठे होतं माझं! पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारले.

तू गाडी पुस्तकातून शिकलीस. इन्कम टॅक्स पुस्तकातून शिकलीस. आमच्याकडे आली होतीस तेव्हा प्रताप मला म्हणाला होता, "मावशी, हिला माझी कधी गरजच पडत नाही." कौतुकानं म्हणाला, असं मला तेव्हा वाटलं. आणि आता हा खेळ तू पोस्टानं माझ्याकडून शिकलीस, जिला एक पाय की दोन तेही धड माहीत नाही. शिकवणारा तुझ्या सोफ्यावर बसला होता.

आता मुद्दाम काही येत नसल्याचं सोंग करू नकोस. ते तुला जमणार नाही, आणि तो ओळखेल. तुला खरोखर माहीत नाही असं काहीतरी विचार. इतकं पुस्तक वाचलंस, पण एखादी गोष्ट सुटली असेलच न?

तुझी,
सुलभामावशी


फ्रीमाँट,
२२ जानेवारी १९८५

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रानंतर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मला न कळलेलं काही सापडतं का म्हणून. सापडलं नाही. हे वाचून तू हसशील.

मोसमाचा शेवटचा मोठा सामना परवा रविवारी होता, तोही इथून पूल ओलांडला की स्टॅनफर्डला, आणि आमचीच टीम. सगळ्या गावात लाल झेंडे लागले होते. आमच्या घरात टीव्ही बंद. शनिवारी सकाळी प्रताप गॅरेजमध्ये स्क्रू आकाराप्रमाणे डब्यांत लावत होता. मी दारात उभी राहिले. तयार करून काही आणलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला हा खेळ का आवडतो?"

"का म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. पुस्तकात नाही."

त्यानं एक डबा भरून बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. मग त्यानं सांगितलं. ओहायोला पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या तळघरात एक टीव्ही होता. शनिवारी सगळी मुलं तिथे कॉलेजचे सामने बघायला जमायची. हा सोफ्याच्या मागे भिंतीला टेकून उभा राहायचा. बसायला कोणी म्हणायचं नाही, जा असंही कोणी म्हणायचं नाही. थंडी पडेपर्यंत असाच उभा. ऐकून ऐकून थोडं कळायला लागलं होतं. एका शनिवारी रेषेवर कोणीतरी चेंडू झेलला आणि मुलांमध्ये वाद सुरू झाला, आत की बाहेर. याच्या तोंडून निघून गेलं, "वन फूट वॉज इन." सगळे मागे वळले. टीव्हीवर तो झेल पुन्हा हळू दाखवला. एक पाय आत होता. मग सोफ्यावरचा एक जण याच्याकडे न बघता नुसता बाजूला सरकला.

"या देशात मी बरोबर बोललेलं ते पहिलं वाक्य," प्रताप म्हणाला. त्याचे हात हलत होते. एका हातात स्क्रू होता.

मावशी, मी तेच वाक्य सगळ्यांसमोर खोडलं होतं. नियम माझा बरोबरच होता, आजही आहे.

मी म्हटलं, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"नंदाला सांगितलंस?"

"नाही. तिनं पंट विचारला, मी पंट सांगितला."

मग मी तिच्याबद्दलचं तेही विचारलं. इतके दिवस पोटात होतं. तो लगेच नाही म्हणाला नाही. म्हणाला, "मला आवडत होतं, उत्तरा. कोणीतरी विचारत होतं. तेवढंच होतं. पण तेवढं मला फार वाटत होतं." हे ऐकून मला बरं वाटलं नाही. पण ते खरं होतं, आणि मला खरं लागतं. मी म्हटलं, कळलं. गॅरेजमध्ये थंडी होती, आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. त्यानं एक डबा माझ्यापुढे धरला, मी त्यातले चुकून मिसळलेले दोन स्क्रू वेगळे केले. तो हसला. म्हणाला, "सोडशील का कधी?"

गिरीशला आणि नंदाला फोन मी केला. नंदा म्हणाली, "आर यू शुअर?" मी म्हटलं, हो. ते खरं नव्हतं.

रविवारी दोघं आले. नंदा आल्याबरोबर जमिनीवर उशी टाकून बसली. मी माझ्या खुर्चीकडे निघाले. प्रतापनं शेंगदाण्यांची बशी उचलून मांडीवर घेतली, टीव्हीवरची नजर न काढता सरकला, आणि मी बसले.

राजीवला सांग, पहिला अर्धा तास मी चेंडूकडे पाहिलंच नाही, फक्त मधल्या धिप्पाड माणसांकडे पाहिलं. तिथे काय चालतं ते पडद्यावर नीट दिसत नाही. म्हणून प्रतापला विचारलं. त्यानं शेंगदाणे मांडले. त्यातला एक दाणा चुकीच्या जागी होता. मी तो तसाच राहू दिला, आणि हे मला किती जड गेलं ते फक्त तुला सांगते.

शेवटाकडे एक झेल रेषेवर गेला. गिरीश आणि नंदा दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रतापकडे पाहिलं. तो पडद्याकडे वाकून म्हणाला, "इथे दोन पाय लागतात. दुसरा बाहेर आहे." पंचांनी हात आडवे हलवले.

आमची टीम जिंकली. नंदानं उडी मारून गिरीशला टाळी दिली, मग प्रतापच्या गुडघ्यावर थाप मारली, "वुई डिड इट!" मी ते पाहिलं. मत्सर वाटला, पूर्वीइतकाच. फरक एवढाच की तो गुडघा माझ्या गुडघ्याला लागून होता, आणि त्यामुळे तो हलला ते मला कळलं. माझ्या बाजूला हलला.

तुझी,
उत्तरा